अकराशेचं हेड

मे महिना लागला की आमच्या वर्कशॉपमध्ये फियाटची रांग लागायची. फियाटचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. जालन्यातल्या बोअरच्या पाण्याचे क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसत, अंबडच्या वाटेवर दुपारी दोनला पाणी उकळे आणि हेड वाकून जाई. गॅस्केट फुटलं की पाणी ऑइलमध्ये उतरे. अण्णा, म्हणजे माझे वडील, डिपस्टिक काढून बघत. तिच्यावर चहाच्या सायीसारखा फेस दिसला की गाडीवाल्याला एवढंच सांगत, "आज काही घरी जात नाही तुम्ही."

हेड उतरवायचं, कार्बन खरवडायचा आणि मग ते मशिनवर चढवून तळ सपाट करून घ्यायचा. या कामाला आम्ही 'फेस मारणं' म्हणतो. दोन-चार केस जाडीचा थर जातो, पण तेवढ्यानंही पिस्टनच्या डोक्यावरची जागा कमी होते आणि कॉम्प्रेशन वाढतं. दुरुस्त होऊन गेलेली गाडी चार दिवस अशी पळे की मालक मिठाईचा पुडा घेऊन येई. आठवडाभरात तोच मालक तोंड पाडून परत. चढावर इंजिन खडखडतंय! पेट्रोलात रॉकेल मिसळलेलं असलं तर बघायलाच नको. आमच्याकडचे उस्ताद, ज्यांना सगळं जालना 'चाचा' म्हणायचं, ते डिस्ट्रिब्युटर ढिला करून सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटमध्ये धरत, तो सुटतो कधी ते पाहत आणि टायमिंग थोडं मागे घेत. तरीही नाही ऐकलं तर जाड गॅस्केट. म्हणजे मशिनवर वाढवलेलं कॉम्प्रेशन पुन्हा हातानं उतरवायचं. बारा-तेरा वर्षांचा मी पाना धुता धुता हे बघायचो आणि मला वाटायचं, हा आमच्या गावातलाच उपद्व्याप असणार.

तसं नव्हतं. पुढे वाचायला लागलो तेव्हा कळलं की चाचा जे फेस मारणं उन्हामुळे करत, ते इटलीत लोक हौसेनं आणि पैसे मोजून करून घेत होते. तेही याच इंजिनावर.

या इंजिनाचा जन्म 1937 चा. तुरीनच्या फियाट कंपनीत दान्ते जाकोसा नावाचा इंजिनिअर होता, त्याच्या हातची '508 सी' ही गाडी. चार सिलिंडर, बोअर 68 मिलिमीटर, स्ट्रोक 75, एकूण 1089 सीसी. आपण पुढे पन्नास-साठ वर्षं ज्याला 'अकराशे' म्हणत आलो ते हेच घराणं. तीन वर्षांनी, 1940 मध्ये, आल्फा रोमिओ सोडून आलेल्या एन्झो फेरारीला स्वतःची गाडी काढायची होती, पण करारामुळे चार वर्षं तिला स्वतःचं नाव देता येत नव्हतं. त्यानं 'ऑटो आव्हिओ कोस्त्रुत्सिओनी 815' या नावानं दोन गाड्या बांधल्या. आठ सिलिंडरचं दीड लिटरचं इंजिन, आणि त्याच्यावर हेडं कुठली? अकराशेची, दोन, एकापुढे एक. त्या वर्षीच्या मिल्ले मिल्या शर्यतीत दोन्ही गाड्या पूर्ण अंतर काढू शकल्या नाहीत. त्यांपैकी एक चालवणारा अल्बेर्तो आस्कारी पुढे दोनदा जगज्जेता झाला. फेरारीनं बांधलेल्या पहिल्या गाडीच्या डोक्यावर फियाटचं हेड होतं, हे चाचांना सांगायला मला उशीर झाला. ते त्याआधीच गेले.

युद्ध संपल्यावर तुरीनच्याच पिएरो दुसिओनं चिसितालिया कंपनी काढली. 'डी 46' ही तिची एकट्यानं बसायची रेसगाडी जाकोसानंच आखली आणि इंजिन पुन्हा अकराशेचंच वाढवलेलं. सप्टेंबर 1946 मध्ये तुरीनच्या शर्यतीत ताझिओ नुवोलारीच्या गाडीचं स्टिअरिंग व्हील चालता चालता हातात आलं. प्रेक्षकांसमोरून जाताना पठ्ठ्यानं ते उचलून दाखवलं आणि उरलेल्या दांड्यावर गाडी हाकत नेली. याच घराण्याची 'चिसितालिया 202' न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं 1951 मध्ये आठ मोटारींच्या प्रदर्शनात मांडली. तिचं बॉनेट उघडलं असतं तर जालन्याच्या कुठल्याही मेकॅनिकनं इंजिन ओळखलं असतं. कार्ब्युरेटर बघून मात्र त्याचं डोकं फिरलं असतं.

आपल्याकडे हे आलं ते सोलापूरच्या वालचंद हिराचंदांमुळे. त्यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज-प्लिमथ जोडल्या, मग फियाटशी हात मिळवला. 1954 पासून अकराशे तिथे बनू लागली. वालचंदांना ती बघायला मिळाली नाही, ते 1953 मध्ये गेले. इटलीत त्याच सुमारास या गाडीचे दोन अवतार विकले जात होते. साधी 36 अश्वशक्तीची आणि 'तुरिस्मो वेलोचे' नावाची वेगवान 50 ची. आपल्या वाट्याला साधी आली, आणि तीसुद्धा नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहून. पुढे फियाटचं नाव गेलं, प्रेसिडेंट झाली, 1974 मध्ये पद्मिनी झाली. जालन्यात मात्र सगळ्यांना फियाटच म्हणत. आजही म्हणतात.

आमचं जालना तेव्हा जिल्ह्याचं ठिकाणही नव्हतं, ते 1 मे 1981 ला झालं. 'जालना सोने का पालना' म्हणायचे, पण तो पाळणा कापसावर झुलायचा. जिनिंगची इंजिनं, विहिरीवरची ऑइल इंजिनं, यांच्यावर इथले हात तयार झाले. 1972 च्या दुष्काळात विहिरींचा तळ लागला आणि पंपाची इंजिनं वर्षभर बंद राहिली, तेव्हा अण्णांनी पहिल्यांदा मोटारीचं काम धरलं. फियाट असायची डॉक्टरांकडे, वकिलांकडे, बियाण्यांच्या व्यापाऱ्यांकडे. बारवाल्यांनी 1964 मध्ये महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केल्यापासून गावात बियाण्यांचं जग वाढत गेलं आणि त्याच्याबरोबर गाड्याही. पिस्टन-रिंगा आणायला कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जावं लागे. आमच्याकडे तेव्हा मीटरगेज होती. मनमाडला गाडी बदलायची, परतताना पिस्टनची खोकी मांडीवर घेऊन झोपायचं, कारण खाली ठेवली तर हमाल सामान समजून नेईल, ही अण्णांची कायमची भीती.

आता त्या रिंगांचा हिशोब सांगतो, कारण मला तो फार आवडतो. सिलिंडर घासून अंडाकार झाला की गाडी ऑइल खाते, निळा धूर मारते. मग बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन घालायचा. पॉइंट सहा मिलिमीटर वाढवलं तर 68 चं 68.6 होतं. एवढंसं दिसतं, पण चार सिलिंडर मिळून 1089 चं 1109 सीसी होतं, जवळजवळ वीस सीसी फुकट. इकडे उन्हामुळे फेस मारून कॉम्प्रेशन वाढलेलं, तिकडे झिजेमुळे बोअर वाढलेला. म्हणजे आमच्या डॉक्टरांची दहा वर्षं जुनी फियाट, कोणी न सांगता, दरवर्षी थोडी थोडी चिसितालिया होत चालली होती! शेवटी भिंत फारच पातळ झाली की स्लीव्ह ठोकायचा आणि गाडी पुन्हा 68 वर, पुन्हा कारखान्यातून निघाल्यासारखी शहाणी.

वेगासाठी हेच काम करणारे देशात होतेच. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर अकराशे वाढवून पळवत. आमच्याकडे तो शौक घेऊन आलेला एकच आठवतो. एका व्यापाऱ्याचा मुलगा, बाहेरून शिकून आलेला, दोन कार्ब्युरेटर पिशवीत घेऊन. मीच तेव्हा हौसेनं होकार दिला. अण्णा गावाला गेले होते. दोन्हींचा मिलाफ काही जमेना, रात्री अकराला बाजारात असा बार उडाला की दुकानांवरची कबुतरं उठली. अण्णांनी आल्यावर इंजिन बघितलं, मॅनिफोल्ड उतरवलं, जुना सोलेक्स लावला आणि त्या मुलाकडून पैसे घेतले नाहीत. मला पुढचे दोन महिने फक्त ट्रॅक्टरचे वॉल्व घासायला दिले. चूक माझीच होती: हवा जास्त गेली तर पेट्रोलही त्या मापात लागतं, जेट बदलावे लागतात, हे मला ठाऊक नव्हतं. इटलीत ज्यांनी वेबर कार्ब्युरेटर लावले त्यांच्यामागे टेस्ट बेंच होते. माझ्याकडे कान होते, तेही कच्चे.

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदवली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून 30 ऑक्टोबर 2023 पासून रस्त्यावर एकही नाही. आमच्या एमआयडीसीतल्या भट्ट्या भंगार वितळवून सळ्या काढतात. त्या भंगारात कुर्ल्यात जन्मलेले कितीतरी दरवाजे येऊन गेले असतील. ब्लॉक मात्र बिडाचा, त्याची वाट वेगळी. दोन ब्लॉक मी भंगारवाल्याकडून सोडवून आणलेत, माळ्यावर आहेत.

या उन्हाळ्यात पुण्याहून एक जण 1962 ची अकराशे ट्रेलरवर घालून घेऊन आले. त्यांना ती इटलीसारखी हवी आहे. हेडचा फेस, वाढीव बोअर, वेबर, सगळं. मी आधी हेड उतरवलं आणि पट्टी लावून पाहिली. कधीतरी, कुणीतरी ते आधीच तीनदा घासलेलं होतं. पोर्टांच्या कडा गोल केलेल्या, हातानं, कानशीनं. खाली जाड गॅस्केट.

गॅस्केट काढून ठेवलंय. बाकी हेडला हात लावलेला नाही. पुण्याच्या साहेबांना फोन करून सांगितलं की फेसचे पैसे वाचले तुमचे.