‘द न्यू यॉर्कर’ची शंभरी : जुने अंक उघडले की काय सापडतं?

अमेरिकेतलं ‘द न्यू यॉर्कर’ हे साप्ताहिक 2025 मध्ये शंभर वर्षांचं झालं. कथा, कविता, व्यंगचित्रं, कलासमीक्षा आणि दीर्घ वृत्तलेख ही त्याची ओळख. शंभरीच्या निमित्ताने त्याने स्वतःचंच जुनं लेखन पुन्हा वाचायला काढलं. पण एवढ्या पसाऱ्यातून पुढे काय ठेवायचं? फक्त गाजलेलं, की फसलेलंही?

सुरुवात कशी झाली?

पहिला अंक 21 फेब्रुवारी 1925 चा, किंमत 15 सेंट. हॅरॉल्ड रॉस आणि त्यांच्या पत्रकार पत्नी जेन ग्रँट यांनी तो सुरू केला. मुखपृष्ठावर एकभिंगी चष्म्यातून फुलपाखरू न्याहाळणारा उंच टोपीवाला गृहस्थ होता. रे अर्विन यांनी काढलेलं हे चित्र पुढे साप्ताहिकाची खूणच बनलं. तेव्हाचा सूर शहरी, खुसखुशीत विनोदाचा होता.

कोणती पानं अभिमानाने दाखवली जातात?

31 ऑगस्ट 1946 चा अंक यात अग्रभागी असतो. जॉन हर्सी यांनी हिरोशिमावरच्या अणुबॉम्बमधून वाचलेल्या सहा जणांची कहाणी लिहिली आणि जवळपास अख्खा अंक त्या एकाच लेखाला दिला गेला. मुखपृष्ठावर मात्र उन्हाळ्याची मजा लुटणारी माणसं होती.

1962 मध्ये रेचेल कार्सन यांचं कीटकनाशकांच्या धोक्यांवरचं ‘सायलेंट स्प्रिंग’ इथेच तीन भागांत आलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या वर्णभेदावरचा जेम्स बाल्डविन यांचा दीर्घ लेखही छापला गेला.

आणि फसलेली पानं?

‘द विझार्ड ऑफ ओझ’ हा चित्रपट आज अभिजात मानला जातो. 1939 मध्ये ‘द न्यू यॉर्कर’चे समीक्षक रसेल मलोनी यांनी त्याला पार झोडपलं होतं.

दुसरं उदाहरण जास्त गंभीर आहे. ट्रुमन कपोटी यांचं ‘इन कोल्ड ब्लड’ 1965 मध्ये चार भागांत आलं, तेही सत्यकथा म्हणून. पण त्यातली शेवटची, दफनभूमीतली भेट घडलीच नव्हती, असं तपास अधिकारी ॲल्विन ड्यूई यांनी नंतर सांगितलं. तथ्यतपासणीसाठी नावाजलेल्या साप्ताहिकाला हे प्रकरण अजून चिकटलेलं आहे.

कधी वाचकांचं मतही बदलतं. शर्ली जॅक्सन यांची ‘द लॉटरी’ ही कथा 1948 मध्ये छापून आली, तेव्हा शेकडो पत्रं आली. त्यांतली बरीचशी संतापाची किंवा गोंधळलेली होती. आज तीच कथा अमेरिकेत शाळा-कॉलेजांत शिकवली जाते.

जुनं लेखन वाचकांपुढे कसं येतं?

निवडक संग्रह : 2025 मध्ये शतकभरातल्या कथांचा आणि कवितांचा असे स्वतंत्र संग्रह आले. कथांचं संपादन डेबोरा ट्रीसमन यांचं, कवितांचं केविन यंग यांचं.

पुनर्वाचन : ‘टेक्स’ या सदरात आजचे लेखक जुन्या अंकांतलं एखादं लेखन निवडून त्यावर लिहितात.

संपूर्ण संग्रह : 2005 मध्ये चार हजारांहून अधिक अंक आठ डीव्हीडींवर आणले गेले. यात पानं होती तशीच, जाहिरातींसकट दिसतात.

पानं जशीच्या तशी ठेवण्यामागे कायद्याचाही भाग होता. मुक्त लेखकांचे लेख अंकातून सुटे काढून डेटाबेसमध्ये टाकायचे, तर त्यांची परवानगी लागते, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये दिला. अख्ख्या पानाची प्रतिमा दाखवली की लेख अंकापासून सुटा होत नाही.

मग फरक काय पडतो?

निवडक संग्रह संपादकांच्या पसंतीचं सांगतो. तो वाचून वाटतं, की या लोकांना सगळं आधीच कळत होतं. संपूर्ण संग्रहात हिरोशिमाच्या लेखाशेजारी त्या काळच्या चैनीच्या वस्तूंच्या जाहिराती दिसतात आणि ‘ओझ’ला झोडपणारं परीक्षणही जागेवर असतं.

म्हणूनच एखाद्या नियतकालिकाचा ‘सर्वोत्तम लेखन’ असा संग्रह हाती आला, तर तो जरूर वाचावा. पण तो काळ समजून घ्यायचा असेल, तर त्या वर्षांतला कुठलाही एक पूर्ण अंकही चाळावा.