'नोएइन' : एका ग्रीक क्रियापदाचे अर्थांतर

प्राचीन ग्रीक भाषेत विचारवाचक क्रियापदे अनेक आहेत. त्यांतील 'नोएइन' हे क्रियापद तत्त्वज्ञानाच्या इतिहासात विशेष मानाला चढले. 'विचार करणे' हा त्याचा अर्थ कोशात सापडतो. परंतु तेवढाच अर्थ मनात धरून जो होमर वाचील, त्याची फसगत झाल्यावाचून राहणार नाही.

'ओडिसी' महाकाव्याच्या सतराव्या सर्गातील प्रसंग पाहावा. वीस वर्षांनी ओडिसियस आपल्या वाड्यापाशी येतो, तो भिकाऱ्याच्या वेषात. त्याचे रूप पाहून त्याला कोणीही ओळखीत नाही. दाराशी शेणाच्या उकिरड्यावर त्याचा म्हातारा कुत्रा आर्गस पडलेला असतो. धनी जवळ आल्याचे त्या मुक्या जनावरास उमगते. तो शेपूट हलवितो, कान पाडतो. उठून जवळ जाण्याचे बळ मात्र त्याच्या अंगी उरलेले नसते. लवकरच तो प्राण सोडतो. या 'उमगण्या'साठी होमरने योजिलेले क्रियापद 'नोएइन' हेच होय! 'इलियड'च्या तिसऱ्या सर्गात ॲफ्रोडाइटी देवी एका वृद्ध स्त्रीचे रूप घेऊन हेलनकडे येते. तिची सुंदर मान आणि तेजस्वी नेत्र दिसताच हेलन तिला ताडते. तेथेही क्रियापद तेच.

दोन्ही ठिकाणी डोळ्यांपुढे एक रूप आहे आणि त्याआड दुसरेच कोणी आहे. ते दुसरे ध्यानात येणे, म्हणजे 'नोएइन'. त्यात तर्काची साखळी नाही. दृष्टीबरोबरच उमटणारी ओळख आहे. जर्मन पंडित कुर्ट फॉन फ्रिट्झ यांनी 1943 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात होमरच्या काव्यातील या अर्थाचे सविस्तर विवेचन केले. हिटलरशी एकनिष्ठतेची शपथ घेण्याचे नाकारल्यामुळे 1935 साली त्यांना रोस्टॉक येथील अध्यापकपद गमवावे लागले होते. पुढे त्यांनी अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अध्यापन केले.

होमरनंतर या क्रियापदाचा संसार पालटू लागला. झेनोफेनीझने आपल्या ईश्वराच्या वर्णनात पाहणे, 'नोएइन' आणि ऐकणे ही तिन्ही एका पंक्तीत बसविली. इ. स. पूर्व पाचव्या शतकाच्या आरंभी दक्षिण इटलीतील एलिया नगरीचा पार्मेनिडीझ याने 'नोएइन' आणि 'असणे' यांचा अभेद्य संबंध जोडला. पुढे प्लेटोने 'रिपब्लिक'च्या सहाव्या भागात निराळीच वाटणी केली : अनेक वस्तू डोळ्यांना दिसतात, पण त्या 'नोएइन'चा विषय नव्हेत; उलट, मूलतत्त्वे 'नोएइन'चा विषय होतात, पण ती दिसत नाहीत. जे क्रियापद एके काळी दृष्टीच्या हातात हात घालून चालत होते, तेच आता दृष्टीच्या विरुद्ध बाजूस उभे राहिले. ॲरिस्टॉटलने तर ईश्वराची क्रिया म्हणजे स्वतःचेच चिंतन करणारे चिंतन, अशी कल्पना मांडून हा शब्द शिखरावर नेला.

या अर्थांतराचे महत्त्व केवळ कोशकारापुरते नाही. पार्मेनिडीझच्या वचनात 'नोएइन'चा अर्थ 'मनात कल्पिणे' असा घेतला, तर जग हे विचाराचीच निर्मिती आहे, असे तो म्हणतो असे वाटू लागते. होमरचा अर्थ घेतला, तर त्याचे म्हणणे अगदी उलट होते : जे खरोखर आहे, त्याचीच ओळख पटू शकते, जे नाही, त्याची ओळख पटणार तरी कशी? एकाच क्रियापदाच्या भाषांतरावर एका तत्त्ववेत्त्याचे सारे मत असे पालटते.

प्राचीनांनी विचार आणि इंद्रियज्ञान यांना एकच मानले, अशी टीका ॲरिस्टॉटलने आपल्या आत्मविषयक ग्रंथात केली आहे, आणि त्या प्राचीनांत होमरचाही समावेश केला आहे. त्याच्या दृष्टीने तो दोष होता. परंतु त्या टीकेतूनच जुना अर्थ आजच्या अभ्यासकाच्या हाती लागतो. आणि आर्गसच्या प्रसंगी होमरने ते क्रियापद का वापरले, याचा उलगडा होतो.