तारेची आस कशी लांबवावी?

यवतमाळ, पुसद किंवा वणीच्या एखाद्या शाळेने संगीताच्या तासासाठी गिटार घेतली, की पुढचा प्रश्न ठरलेला: सूर लांबवणारे यंत्र मिळते म्हणतात, तेही घ्यावे का? उत्तर देण्यापूर्वी थोडे मागे जाऊ.

छेडलेल्या तारेतली ऊर्जा घोडीवाटे लाकडात आणि तेथून हवेत जाते; काही तारेतच उष्णता होऊन संपते. म्हणून सूर विरतो. सारंगीचा गज ही तूट सतत भरून काढतो. तंबोऱ्याची रीत निराळी. मिरजेचे कारागीर (त्यांच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले) घोडी रुंद आणि किंचित बाकदार ठेवतात आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात. या जवारीने सी. व्ही. रामन यांनाही कोड्यात टाकले होते. तार ज्या बिंदूवर छेडली असता एखादा उपस्वर उमटू नये असे यंगचा नियम सांगतो, तेथे छेडूनही तंबोऱ्यात तो उपस्वर स्पष्ट ऐकू येतो, हे त्यांनी १९२१ मध्ये दाखवले. मात्र जवारी ऊर्जा निर्माण करत नाही. आहे ती उपस्वरांत वाटते. आस अखंड राहते ती वाजवणाऱ्याची बोटे थांबत नाहीत म्हणून.

बोटांऐवजी विजेने कंपन चालू ठेवण्याची कल्पनाही जुनीच. हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात विद्युतचुंबकाच्या साहाय्याने नादकाटे सतत कंपित ठेवले होते. अमेरिकेत ग्रेग हीट यांनी १९६९ मध्ये शोधलेला ‘ई-बो’ त्याच घराण्यातला. तार हलली की त्याच्या एका वेटोळ्यात क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो. तो वाढवून दुसऱ्या वेटोळ्यात सोडला जातो आणि ते तारेला तिच्याच लयीत ओढत राहते. ऊर्जा पुरवते नऊ व्होल्टची बॅटरी. एका वेळी तार मात्र एकच.

तेव्हा पैसे मोजण्याआधी प्रयोगशाळेतला पट्टीचुंबक गिटारच्या तारांजवळ न्यावा. तारा ओढल्या गेल्या नाहीत, तर यंत्र निरुपयोगी. नायलॉनच्या गिटारीत जाड तारांवर धातूचे वेढे असतात, त्यांना फसू नये. तंबोऱ्याची पितळी खर्जाची तारही याच कारणाने दाद देणार नाही. पोलादी तारांची गिटार असेल आणि एकेक सूर गजासारखा खेचून वाजवणारा विद्यार्थी असेल, तर खरेदी आम्हांला योग्य वाटते. पण वर्गाला गाण्यामागे नुसता अखंड षड्ज हवा असेल, तर पेटीची एक पट्टी दाबून भाता हलवणारे कोणीही पुरे.