बोलपटातील ध्वनिलेखक : एक उपेक्षित भूमिका

बोलपटाचा इतिहास लिहिताना दिग्दर्शक व नट यांची नोंद तपशिलाने होते. पडद्यावरील शब्द टिपून घेणारा ध्वनिलेखक मात्र श्रेयनामावलीपुरताच उरतो. ही विभागणी न्याय्य नव्हे, कारण आरंभीच्या बोलपटाचे स्वरूप बऱ्याच अंशी त्याच्याच अडचणींनी ठरविले.

आर्देशिर इराणी यांचा 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. त्यासाठी वापरलेल्या टॅनार यंत्रात चित्र व ध्वनी एकाच फितीवर उमटत. साहजिकच ध्वनी मागाहून सुधारणे दुष्कर होते. कलागृहाशेजारून आगगाड्या जात, म्हणून चित्रण रात्री करावे लागे आणि मायक्रोफोन नटांच्या आसपास दडवावे लागत. १९३२ साली कोल्हापुरास प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' सिद्ध झाला. प्रभातमधील ध्वनिलेखनाचा भार विष्णुपंत दामले यांनी वाहिला. ते बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली घडलेले कलावंत होते. त्या काळी या विद्येची शाळा नव्हती. कामातूनच ती सिद्ध झाली.

ध्वनी स्वतंत्र फितीवर घेण्याची पद्धत रूढ होताच श्रमविभाग आला. ध्वनिलेखक यंत्रापाशी बसे, एक साहाय्यक लांब दांडीवर मायक्रोफोन धरी, आणि दोन्ही फिती जुळाव्यात म्हणून दुसरा क्लॅप देई. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सच्या 'धूपछाँव'पासून (१९३५) पार्श्वगायन आले व गीत चित्रणस्थळापासून सुटले. पुढे आवाज करणारे हलके कॅमेरे व बाह्यचित्रण यांमुळे संवादही ध्वनिगृहात पुन्हा बोलविले जाऊ लागले. चित्रणस्थळीचा ध्वनी केवळ मार्गदर्शक ठरला. 'लगान'ने (२००१) प्रत्यक्ष ध्वनिलेखनाची प्रतिष्ठा पुन्हा वाढविली. त्याचे ध्वनिलेखक नकुल कामटे होते.

हा प्रश्न केवळ तंत्राचा नाही. मेहकर किंवा चिखलीकडील पात्र वऱ्हाडी बोलते तेव्हा त्या बोलीचे हेल, थांबे व श्वास प्रसंगातूनच निपजतात. ध्वनिगृहातील पुनरुच्चारात शब्द राहतात. प्रसंगाचा तो ताण राहीलच असे नाही. यास्तव चित्रपटास भाषेचे साधन म्हणून वापरणाऱ्या अभ्यासकाने प्रथम एक गोष्ट तपासावी : हा आवाज कोठे, केव्हा व कोणी टिपला? १९६० साली प्रभातच्याच पुण्यातील जागेत चित्रपटशिक्षणाची शासकीय संस्था स्थापन झाली आणि ध्वनिलेखन हा रीतसर अध्ययनाचा विषय झाला. इतिहासलेखनाने तेवढा मान त्यास अद्याप द्यावयाचा आहे.