वाढ, तूट आणि येणेजाणे

तूट, तोटा, तुटवडा, त्रुटी, त्रोटक. पाचही शब्द संस्कृतातल्या 'त्रुट्' या एकाच धातूच्या कुळातले. त्रुटी आणि त्रोटक हे दोघे तत्सम. बाकीचे तिघे प्राकृतातल्या 'तुट्ट'वरून खाली उतरले असावेत. मराठीने मात्र प्रत्येकाला वेगळे काम नेमून दिले. व्यापाऱ्याला येतो तो तोटा, बाजारात पडतो तो तुटवडा, लेखापरीक्षक काढतो ती त्रुटी आणि सरकारी हिशेबात राहते ती तूट. यांची अदलाबदल चालत नाही. तोट्यामागे धंदा गृहीत असतो. तुटीमागे एवढेच की जमा आणि खर्च यांची तोंडमिळवणी झाली नाही. २४ जुलै १९९१ रोजी मनमोहन सिंग यांनी लोकसभेत सांगितले की १९९०-९१ मध्ये केंद्राची राजकोषीय तूट जीडीपीच्या आठ टक्क्यांवर गेली आहे आणि गंगाजळीतले परकी चलन जेमतेम पंधरवड्याच्या आयातीला पुरेल. म्हणजे पहिली तूट आणि दुसरा तुटवडा. एका धातूची दोन रूपे त्या वर्षी एकदमच देशापुढे उभी राहिली.

तुटण्याफुटण्याची मराठी माणसाला पहिल्यापासून धास्ती दिसते. बांगडी फुटली तर ती 'वाढवली' म्हणायचे, देवापुढचा नारळ फोडायचा नाही, 'वाढवायचा', आणि मंगळसूत्राचा दोरा तुटला तर 'मंगळसूत्र वाढले'. अशुभ शब्द तोंडी येऊ नये म्हणून त्याच्या जागी नेमका उलट अर्थाचा शब्द बसवला. ही चाल जगातल्या अनेक भाषांत आढळते. पण तूट झाकायला वाढच पुढे करावी, हे मला विशेष वाटते. अर्थखात्याच्या भाषणांतही तुटीच्या परिच्छेदाआधी वाढीचा परिच्छेद येतो, त्याला ही परंपरा कारणीभूत नसावी, पण क्रम तोच.

'वाढ' आली 'वृध्'वरून. वर्धन, वृद्ध, वृद्धी आणि वाढदिवस यांच्यासह. पण 'वाढणे' म्हणजे पानात अन्न घालणे हा अर्थ कुठून आला? पालीत 'वड्ढेति' हे क्रियापद वाढवण्यासाठी तसे अन्न वाढण्यासाठीही वापरलेले दिसते, तेव्हा हा अर्थ दोन हजार वर्षांपूर्वीच रुजलेला असावा. 'अन्न संपले' म्हणायचे नाही, पानातले अन्न आणखी होवो म्हणायचे, अशा काही शुभेच्छेतून तो निघाला असेल. स्मृतिग्रंथांत 'वृद्धि'चा आणखी एक अर्थ सापडतो, तो म्हणजे व्याज. मनुस्मृतीतली 'चक्रवृद्धि' हीच आपली चक्रवाढ. एकाच शब्दात उत्पादन फुगणे, ते पानापानांत पडणे आणि सावकाराचे व्याज चढणे. अर्थतज्ज्ञ ज्या तीन प्रश्नांवर आयुष्यभर भांडतात ते मराठीने एका धातूत आधीच एकत्र ठेवले आहेत.

आता हिशेबाच्या वहीकडे वळू. जुन्या पेढीची रोजकीर्द पाहिली असेल तर तिची ठेवण आठवेल: माथ्यावर 'श्री', डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, मध्ये उभी घडी. हे दोन्ही शब्द अरबी. 'जमा' हा ज-म-अ या धातूचा, एकत्र येण्याचा. जमाव, जमात, जमाबंदी आणि शुक्रवारचा जुम्मा हे त्याचे सगेसोयरे. 'खर्च'ची वाट फारसीतून झाली, पण मूळ अरबी 'ख़र्ज', म्हणजे बाहेर पडणे; कोर्टात अर्ज 'खारीज' होतो तो याच धातूने. म्हणजे जमा हे गोळा झालेले आणि खर्च हे बाहेर पडलेले.

हेच संस्कृतात बघा. 'आय' आणि 'व्यय' या दोहोंतही 'इ' म्हणजे जाणे हा धातू. आ लागला की जवळ येणे, वि लागला की पांगणे. (व्याकरणातले 'अव्यय' तेच: जे खर्ची पडत नाही, कोणत्याही लिंगवचनात झिजत नाही.) 'आयात' आणि 'निर्यात' यांत 'या' धातू, अर्थ तोच, आत येणे आणि बाहेर जाणे. घरगुती मराठीत 'आवक-जावक' आणि उधारीच्या वहीत 'येणे बाकी'. इंग्रजीतल्या 'रेव्हेन्यू'च्या पोटातही फ्रेंचमधले परत येणे आहे. इतक्या वेगवेगळ्या घराण्यांच्या भाषा पैशाकडे पाहताना एकच गोष्ट पाहतात असे दिसते: तो कोणाचा, यापेक्षा तो कोणत्या दिशेने चालला आहे. व्यापारातल्या त्या चालीचे भारताचे चित्र तर एकाच बाजूला कललेले आहे. स्वातंत्र्यानंतर मालाच्या व्यापारात निर्यात आयातीला वरचढ ठरली ती १९७२-७३ आणि १९७६-७७ या दोनच वर्षांत. बाकी सारी वर्षे व्यापारी तुटीची. ती आपण भरून काढतो सेवांच्या निर्यातीने आणि परदेशी गेलेल्यांनी घरी धाडलेल्या पैशाने.

'महसूल' मात्र या येण्याजाण्यात बसत नाही. त्याचा धातू ह-स-ल, म्हणजे हाती लागणे, पदरात पडणे. म्हणून 'महसूल' म्हणजे पीक हाही अर्थ. तो गोळा करण्याची क्रिया 'तहसील' आणि करणारा तहसीलदार. याच धातूचा 'हासिल' पेशवाईच्या कागदांत सरकारदेण्याच्या अर्थाने येतो, आणि तोच पुढे झिजून 'असे करण्यात काय हशील?' या प्रश्नात आपल्या रोजच्या बोलण्यात राहिला असावा. शेतसारा भरणाऱ्याच्या मनातला प्रश्न वाक्प्रचार होऊन टिकला, अशी कल्पना करायला मला आवडते. 'वसूल' मात्र या कुळातला नव्हे, जरी कानाला तसा वाटला तरी. तो व-स-ल, पोहोचणे, या धातूचा. उर्दू गजलेतला मीलनाचा 'विसाल' आणि बँकेची वसुली हे सख्खे.

शिवाजी महाराजांनी ही सारी यावनी परिभाषा बदलायचे मनावर घेतले आणि रघुनाथपंतांकडून सुमारे १४०० शब्दांचा राज्यव्यवहारकोश करवून घेतला. मुजुमदाराचा 'अमात्य' झाला. 'मुजुमदार' म्हणजे 'मजमू-दार', एकूण जमेचा हिशेब सांभाळणारा, पुन्हा तोच ज-म-अ. 'अमात्य'तला 'अमा' म्हणजे सोबत, घरात. राजाच्या सोबत वावरणारा तो अमात्य, आणि सूर्यचंद्र एकत्र राहतात ती अमावास्या. पदांची नावे बदलली, ती रुजलीही. जमा, खर्च, वसूल, बाकी, महसूल मात्र हलले नाहीत. दरबारची भाषा आज्ञेने बदलते. वहीची भाषा बदलायला लाखो कारकुनांचे हात बदलावे लागतात.

जकातीचा प्रवास याहून लांबचा. अरबी 'ज़कात' हे इस्लामच्या पाच स्तंभांपैकी एक, संपत्तीतून गरिबांसाठी काढायचा वाटा. धातूचा अर्थ शुद्ध होणे आणि, गंमत म्हणजे, वाढणे. दिल्याने धन वाढते ही त्यामागची भावना असणार. भारतात येईपर्यंत दान मागे पडले आणि नाक्यावर अडवून घेतलेला पैसा उरला. त्याआधी आपल्याकडे 'शुल्क' होते. प्राकृतात त्याचे 'सुंक' झाले आणि कन्नडात ते आजही याच रूपात नांदते. नाणेघाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखवतात. घाटाच्या नावातले 'नाणे' हे संस्कृत 'नाणक'पासून आले. कुषाणांच्या नाण्यांवरच्या 'नाना' देवीशी त्याचा संबंध जोडणारेही अभ्यासक आहेत. घाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांच्या दक्षिणेचे कार्षापण मोजून दिलेले आहेत. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक खर्चाची ही फार जुनी नोंद. १ जुलै २०१७ला वस्तू व सेवा कर आला आणि मुंबई महापालिकेची जकात, तिच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा झरा, बंद झाली. जकात नाका नावाचे बसथांबे राहिले.

या सगळ्याचा वर्षभराचा आराखडा मांडायचा तर आपण 'अर्थसंकल्प' म्हणतो. गुजराती 'अंदाजपत्र' म्हणते, कन्नडात 'आयव्यय' आणि 'मुंगडपत्र' दोन्ही चालतात, यातला 'मुंगड' म्हणजे आगाऊ. संविधानाच्या ११२व्या अनुच्छेदात 'बजेट' हा शब्दच नाही, तिथे आहे वार्षिक वित्तविषयक विवरणपत्र. बजेट हे मुळात फ्रेंच 'बुजेत', चामड्याची लहान पिशवी. मराठीचा संकल्प यापुढे मला फार उंचीचा वाटतो: हातात पाणी घेऊन, देशकाल उच्चारून, अमुक करीन असे सांगणे. आपल्याकडे 'अंदाजपत्रक'ही होतेच, आणि त्यातला 'अंदाज' मला तितकाच प्रिय आहे. फारसी 'अंदाख़्तन' म्हणजे फेकणे. बाण फेकणारा तिरंदाज, गोळा फेकणारा गोलंदाज. नेम धरून फेकले की अंतर मनात मोजावे लागते, त्यातून 'अंदाज'ला अदमासाचा अर्थ आला असावा. सांख्यिकी मंत्रालय वर्ष संपायच्या आत जीडीपीचा पहिला आगाऊ अंदाज देते, मग दुसरा आगाऊ, मग हंगामी, मग सुधारित. एकाच लक्ष्यावर पुन्हापुन्हा नेम धरायचा आणि प्रत्येक वेळी जरा जवळ जायचे, हे 'अंदाज' शब्दाच्या मूळ स्वभावाला धरूनच आहे. पहिल्या आकड्याला अंतिम मानून वाद घालणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यायला हवे.

रोजगाराकडे येताना मी मुद्दाम सावकाश येतो, कारण या शब्दात बरेच काही साठले आहे. फारसीत 'रोज़गार' म्हणजे काळ, जमाना, नशीब. 'रोज' म्हणजे दिवस. प्राचीन इराणी 'रौचह्', म्हणजे उजेड, यावरून. संस्कृतातले 'रोचिस्', 'रुचि' आणि आपले 'रुचणे' त्याच मूळ 'रुच्', प्रकाशणे, या धातूचे. जे डोळ्यांत उजळते ते रुचते. म्हणजे नवरोज, रोजनिशी, रोजंदारी, रुचकर हे एकाच उजेडाचे कवडसे. दिवस कसे जातात, या अर्थाचा शब्द पोट कसे भरते या अर्थापर्यंत आला, आणि त्यात मला भाषेची समज दिसते: हातावर पोट असलेल्याचा दिवस आणि त्याचे काम वेगळे काढता येतच नाही. 'गार' प्रत्यय आपण 'कामगार'लाही लावला. फारसीत 'कामगार' म्हणजे ज्याचे मनोरथ पुरे झाले असा, भाग्यवान. तिथला 'काम' म्हणजे इच्छा. आपला 'काम' हा 'कर्म', 'कम्म' अशा पायऱ्यांनी आलेला. उच्चार एक, वंश दोन, आणि दोन कामगारांच्या नशिबात केवढे अंतर.

काम नसलेल्याला आपण आधी 'बेकार' म्हणत असू. पण 'बेकार' हळूहळू निकामीच्या अर्थाला गेला. बेकार रस्ता, बेकार सिनेमा. माणसाला तो शब्द लावणे क्रूर वाटू लागले आणि 'बेरोजगार' पुढे आला, हे योग्यच झाले. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्राने जी योजना उभी केली तिच्या नावात 'रोजगार' आणि 'हमी' हे दोन शब्द शेजारी बसले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली ही योजना, १९७७चा तिचा कायदा, शहरातल्या पगारदारांकडून त्यासाठी घेतलेला व्यवसाय कर आणि पुढे २००५चा देशाचा कायदा, हा सगळा प्रवास मराठी प्रशासनाने अभिमानाने सांगावा असा आहे. खडी फोडणाऱ्या बायांच्या तोंडी मात्र 'रोजगार हमी' क्वचितच असे. त्या म्हणत 'दुष्काळी काम'.

शेवटी 'विकास'. 'कस्' धातूला 'वि' लागला की अर्थ होतो उमलणे. विकास म्हणजे फुलाचे उघडणे. आणि 'कोश'चा एक अर्थ मिटलेली कळी, दुसरा खजिना, तिसरा शब्दसंग्रह. चिंतामणराव देशमुखांना हे तिन्ही अर्थ ठाऊक असणार: राजकोश त्यांनी १९५०पासून सहा वर्षे सांभाळला, अमरकोशावर काम केले आणि मेघदूत मराठीत आणले. कोश मिटलेला आणि विकास उमललेला, ही जोडी अर्थमंत्र्याच्या टेबलावर समोरासमोर असते.

म्हणूनच 'विकासदर' हा वृत्तपत्रांत रुळलेला शब्द मला चुकीचा वाटतो. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत जीडीपी २३.९ टक्क्यांनी घसरल्याचा अंदाज ऑगस्टअखेर जाहीर झाला, तेव्हा ठिकठिकाणी 'विकासदर उणे' असे छापून आले. वाढ उणे होऊ शकते. 'ऊन' म्हणजे कमी, एकोणीस-एकोणतीसमधला तोच, आणि उत्पादन कमी भरले एवढाच त्याचा अर्थ. पण उमललेली शाळा, दवाखाना, साक्षर झालेली मुलगी तीन महिन्यांत परत मिटत नाही. उलटही खरे: जीडीपी सात टक्क्यांनी वाढला म्हणून काही आपोआप उमलत नाही, वाढलेले पानापानांत वाढले गेले का, हे निराळे विचारावे लागते. जीडीपीच्या बातमीत 'वाढीचा दर' लिहावे, 'विकास' हा शब्द शिक्षण-आरोग्याच्या आकड्यांसाठी राखून ठेवावा, आणि हिंदीतून येऊ घातलेल्या 'वित्तीय घाट्या'च्या जागी आपली नेमकी 'तूट' कायम ठेवावी, ही वृत्तसंपादकांना विनंती.