‘प्रभाव’ लिहिण्याआधी: फेला कुटीचा ‘अफ्रोडिझियाक’

प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात मी बिनधास्त लिहिलं होतं, ‘फेला कुटीच्या संगीताचा अमेरिकी रॉकवर प्रभाव पडला.’ मार्गदर्शकांनी ‘प्रभाव’भोवती लाल गोल काढला आणि समासात एवढंच लिहिलं: ‘कशावरून?’ तुमच्याही मसुद्यात हा प्रश्न येणारच, म्हणून हे उदाहरण.

‘अफ्रोडिझियाक’ हा नायजेरियाच्या फेलाचा १९७३ चा अल्बम. अफ्रोबीट तेव्हा नुकतंच आकाराला येत होतं. त्यात हायलाइफ, जॅझ, योरुबा ताल आणि अमेरिकी फंक एकत्र आले होते. गिटारची एक छोटी ओळ कित्येक मिनिटं फिरत राहते, तिच्यात दुसरी गुंतते. खाली टोनी अ‍ॅलनचे ड्रम्स, वर सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट.

१९८० साली न्यूयॉर्कच्या ‘टॉकिंग हेड्स’ या बँडचा ‘रिमेन इन लाइट’ आला. दोन्ही लागोपाठ ऐकले की साम्य लगेच जाणवतं. पण साम्य म्हणजे पुरावा नव्हे, ती फक्त शंका. पुरावा शोधावा लागतो. निर्माता ब्रायन ईनो याने ‘अफ्रोडिझियाक’ आपणच बँडला ऐकवल्याचं सांगितलंय. शिवाय त्या काळातल्या एका अपूर्ण गाण्याचं नावच ‘फेलाज रिफ’ आहे. ते २००६ च्या नव्या आवृत्तीत बाहेर आलं. इथवर माझी बाजू भक्कम!

पण अल्बमसोबत पत्रकारांना पाठवलेल्या माहितीपत्रकात पुस्तकांची एक छोटी यादी होती. तिच्यात जॉन मिलर चेर्नॉफ यांचं आफ्रिकी तालावरचं पुस्तक आहे, आणि ते उभं आहे घानातल्या ढोलवादनाच्या अभ्यासावर. म्हणजे सगळं श्रेय फेलाच्या खात्यात टाकता येत नाही. माझ्या एका सैल शब्दाने घानाचे वादक इतिहासातून गायब झाले होते.

बाणाची दिशाही तपासावी लागली. फेला १९६९ मध्ये लॉस एंजेलिसला राहिला; कृष्णवर्णीयांच्या चळवळीचे विचार त्याला तिथे भेटले. ‘अफ्रोडिझियाक’चं ध्वनिमुद्रण झालं लंडनमध्ये. मग ‘आफ्रिकेतून बाहेर’ असा सरळ बाण काढायचा कुठून?

आता माझं वाक्य असं आहे: ‘ईनोमार्फत टॉकिंग हेड्सपर्यंत पोहोचलेला “अफ्रोडिझियाक” हा “रिमेन इन लाइट”च्या अनेक स्रोतांपैकी एक, पण नावानिशी नोंदलेला स्रोत होता.’ वाक्य लांबलं खरं. पण ‘कशावरून?’ विचारलं, तर आता उत्तर आहे.