स्टेथोस्कोपाविना: प्राथमिक आरोग्य-संशोधनात येणाऱ्यांसाठी

वर्ध्याच्या आरोग्याचा इतिहास लिहायचा तर पहिल्या काही पानांतच डॉक्टर नसलेली माणसे भेटतात. १९३६ मध्ये दत्तपूरला कुष्ठरुग्णांसाठी काम उभे केले ते विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी, आणि ते डॉक्टर नव्हते. १९५१ मध्ये गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन स्थापन झाले. सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार ही त्याची कामाची पद्धत. त्यातली पहिली दोन कामे दारोदार फिरणाऱ्या कार्यकर्त्यांनीच पेलली. रुग्ण सापडल्याशिवाय गोळी द्यायची कुणाला?

म्हणून समाजशास्त्र, संख्याशास्त्र, मानवशास्त्र किंवा अर्थशास्त्र शिकून या क्षेत्रात येणाऱ्यांचे स्वागत करताना ‘तुम्हालाही सामावून घेऊ’ असा उपकाराचा सूर लावायचे कारण नाही.

तुमची गरज नेमकी कुठे पडते? कापसाच्या वेचणीत एखाद्या गावी सर्वेक्षणाला गेलात, तर सकाळी दहाला निम्म्या घरांना कुलूप दिसेल. बाया पहाटेच शेतावर गेलेल्या. फॉर्मवर ‘घर बंद’ अशी खूण करून पुढच्या दाराशी गेले की दिवसाचे उद्दिष्ट पूर्ण होते. पण हाती लागतात ती मजुरीला न जाणारी घरे, आणि आजारपण अंगावर काढणारी नेमकी सुटतात. पुढे कोणतेही सॉफ्टवेअर ही चूक दुरुस्त करत नाही. दिवेलागणीनंतर पुन्हा जावे लागते, आणि तसे नियोजन आधीच, अंदाजपत्रकासकट करावे लागते. बाळाची जन्मतारीख आठवत नसेल तर ‘पोळ्याच्या आधी की नंतर?’ असे विचारायचे, हेही याच विद्येत येते.

सेवाग्रामला १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले आणि विद्यार्थ्यांना खेड्यात राहायला पाठवले. तिथल्या रुग्णालयाच्या आरोग्य-विम्यात गावकरी वर्गणी ज्वारीने भरत. अशा योजनेत कोण टिकतो, कोण गळतो, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञाचाही आहे.

एवढे असूनही या माणसांना पुढची वाट नसते. नेमणूक प्रकल्पापुरती, बहुधा अकरा महिन्यांची ऑर्डर. प्रकल्प संपला की अनुभवासकट माणूस बाहेर. कायम पदावरच्या संख्याशास्त्रज्ञाची तऱ्हा वेगळी. थिसिस सादर करायच्या आठवड्यात पीजीचे विद्यार्थी एक्सेलची फाइल घेऊन येतात: “सर, तेवढी पी-व्हॅल्यू काढून द्या.” नमुना किती घ्यायचा हे मात्र दोन वर्षांपूर्वी त्याला न विचारताच ठरलेले असते. मला यात व्यक्तींचा उद्धटपणा कमी आणि रचनेचा दोष जास्त दिसतो: स्वतःचा प्रश्न मांडायला, त्यासाठी निधी मागायला आणि पीएचडीचे विद्यार्थी घ्यायला त्याला जागाच ठेवलेली नसते.

तेव्हा नव्यांनी रुजू होण्याआधीच काही गोष्टी विचारून घ्याव्यात. जमवलेली माहिती स्वतःच्या पीएचडीसाठी वापरता येईल का? प्रश्नावली ठरवायच्या बैठकीला बोलावतील का? लेखकयादीचे काय? वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी मान्य केलेले लेखकत्वाचे निकष पदवी विचारत नाहीत. अभ्यासाची आखणी, माहितीचे संकलन किंवा विश्लेषण यांत भरीव वाटा असलेल्याला मसुदा लिहिण्या-तपासण्याची संधी द्यावी, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. ती संधी पहिल्याच बैठकीत मागावी. पेपर छापायला गेल्यावर मागितली तर आभाराच्या ओळीवर समाधान मानावे लागते.